तुमची हरकत मी लिहिली नाही

वहिनी,

तुमच्या दहाव्या-तेराव्याची यादी मीच केली. सदतीस कामं होती. मांडव, पाण्याचे जार, भटजींसाठी गाडी, वाणगावहून येणाऱ्या तुमच्या माहेरच्यांची सोय, कोणाला तिखट चालत नाही, कोणाला खाली बसता येत नाही. शेवटच्या कामापुढे खूण केली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. निघताना जो तो म्हणत होता, "शुभांगी होती म्हणून सगळं नीट पार पडलं." तुमच्याच ओट्यावर उभी राहून मी ते ऐकून घेतलं.

नीट पार पाडायची मला सवयच आहे. तुमच्यावर जो अन्याय झाला, तोही मी असाच नीट पार पाडला होता. आज ते लिहायचं आहे.

मी ह्या घरात आले तेव्हा अण्णांचा कारखाना तारापूर एमआयडीसीत येऊन दहा वर्षं झाली होती. चिंचणीच्या पडवीत बसून सोनारांसाठी दागिन्यांचे ठसे, म्हणजे डाय, कोरणारे आपले सासरे बिजागऱ्या बनवायला लागले आणि त्यांचे दोन मुलगे, थोरले दादा आणि माझा हेमंत, कंपनीचे डायरेक्टर झाले. तिसऱ्या तुम्ही. सासूबाई गेल्यावर त्यांच्या जागी थोरली सून म्हणून तुमचं नाव लागलं. तुम्हाला कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मी वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेली, बीकॉम झालेली. मला ऑफिस मिळालं, आणि अक्षर चांगलं म्हणून मीटिंगचं इतिवृत्त लिहायचं काम मिळालं.

अध्यक्षाची सही असली की कायद्याला पुरते. पण अण्णांची पद्धत वेगळी होती. इतिवृत्त बांधीव वहीत, हाताने, आणि खाली सगळ्यांच्या सह्या. "उद्या कोणी म्हणायला नको, मला ठाऊक नव्हतं," असं ते म्हणायचे. तुम्ही मीटिंगला येत नव्हता, म्हणून वही घेऊन मी तुमच्याकडे यायचे. सही कुठे करायची ते शोधावं लागू नये म्हणून मी रंगीत चिकट चिठ्ठ्या आणल्या. दादांसाठी निळी, हेमंतसाठी हिरवी, तुमच्यासाठी गुलाबी. घरात माझ्या ह्या युक्तीचं कौतुक झालं. चिठ्ठी लावली की माणूस पान वाचत नाही, चिठ्ठी शोधतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल आणि सोयीचं वाटलं असेल.

पंधरा वर्षं. कधी तुमच्या हाताला पीठ, कधी ओलं खोबरं. "कुठं गो?" "इथे, वहिनी." झालं.

पण कंपनी खरी चालायची ती आपल्या सकाळच्या फोनवर. साडेसहाला तुम्ही चिंचणीत भाकरी थापत असायचात, मी बोईसरला डबे भरत. दादा आणि हेमंत चार महिने एकमेकांशी बोलत नव्हते तो काळ आठवा. हेमंतला डाय कापायचं नवं मशीन हवं होतं. दादांना अण्णांच्या वेळचे हाताने कोरणारे कारागीर सोडायचे नव्हते. एक खालच्या केबिनमध्ये, एक वरच्या, आणि मधल्या जिन्यावर मी.

"वातावरण कसं हाय तिकडं?" तुम्ही विचारायचात.

"ढगाळ. तुमच्याकडे?"

"आमच्याकडं तं काल वीजच पडली. ताट सरकवून उठले."

मग तुम्ही ती शक्कल काढलीत. मी हेमंतला सांगितलं, दादा मशीनची माहिती विचारत होते. तुम्ही दादांना सांगितलंत, भाऊजी विचारत होते की कारागिरांचं पुढे काय करायचं. दोघांनीही काही विचारलं नव्हतं. आठवड्याच्या आत दोघं समोरासमोर बसले. मशीन आणायचं आणि जुने दोन कारागीर नव्या नमुन्यांसाठी ठेवायचे, असं ठरलं. हे आपण दोघींनी आदल्या मंगळवारीच ठरवलं होतं. मी वहीत लिहिलं, 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते ठरले.' फोनवर तुम्हाला वाचून दाखवलं तर हसता हसता तुम्हाला ठसका लागला.

"सर्वानुमते! अगो, त्या दोघांनी तं तोंडसुद्धा उघडलं नाय. आपण ठरवलं, ते पन भाकरी थापताना." आणि मग म्हणालात, "ते दोघं म्हंजे बिजागरीची दोन पाती, शुभा. मधला खिळा आपण. खिळा कोणाला दिसत नाय. पन काढून बघ एकदा."

हा तुमचा विनोद म्हणून मी पुष्कळ ठिकाणी सांगितला. लोक हसायचे. तो सगळाच विनोद नव्हता, हे मला कळायला उशीर झाला.

तुमची मुग्धा डिप्लोमा करून कारखान्यात तपासणीला लागली आणि तुमच्यात बदल झाला. लेक घरी येऊन काय बोलते ते तुम्हाला समजून घ्यायचं होतं. एका दुपारी मी वही पुढे केली तर तुम्ही पेन घेतलंच नाहीत.

"ह्यात काय लिवलंय?"

"नेहमीचंच आहे, वहिनी. करा सही, मला पाचच्या आत बोईसरला पोचायचंय."

"नेहमीचं म्हंजे काय ते एकदा वाचून तं दाखव."

मी घड्याळाकडे बघत वाचून दाखवलं. पुढच्या वेळी तुम्ही चष्मा शोधून ठेवला होता आणि स्वतः वाचलंत, ओळीवर बोट फिरवत. त्याच्या पुढच्या वेळी तुम्ही थेट मीटिंगलाच आलात. रिक्षाने, एकट्या.

"तू कशाला आलीस?" दादा म्हणाले.

"माझं नाव हाय ना कागदावर? म्हटलं बघून यावं, ते बसतं कुठं."

हेमंत हसला. "वहिनी, पण इथे खुर्च्याच तीन आहेत."

 तुम्ही पॅकिंगमध्ये जाऊन तिथल्या कुंभवली गावच्या बायकांकडून एक स्टूल मागून आणलंत आणि त्यावर बसलात. पुढे प्रत्येक मीटिंगला तेच स्टूल. 'मीटिंगसाठी चौथी खुर्ची' असं मी त्याच दिवशी माझ्या यादीत लिहिलं होतं. ती खुर्ची आली दीड वर्षाने. माझ्या ओंकारसाठी.

तिथपर्यंत आले आहे तर आता पुढचं सांगते. तुम्हाला ते ठाऊक आहे. पण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलं नाहीत.

गेल्या वर्षी चौथा डायरेक्टर घ्यायचं घाटत होतं. मुग्धाला कारखान्यात चार वर्षं झाली होती. बिजागरी कानाशी धरून उघडमीट करायची आणि आवाजावरून माल परत पाठवायची, ही अण्णांची रीत तिने उचलली होती. तिने एकदा अख्खा लॉट अडवला तेव्हा दादा चिडले होते. नंतर गिऱ्हाइकाने मुद्दाम फोन करून माल चांगला आल्याचं सांगितलं, तेव्हा तेच दादा दोन दिवस ते सगळ्यांना सांगत फिरले. ओंकार पुण्याहून इंजिनिअर होऊन आला, त्याला सहा महिने झाले होते.

आदल्या दिवशी सकाळच्या फोनवर तुम्ही म्हणालात, "मुग्धाचं नाव मी काढनार हाय. ओंकारला पन घेऊ दे, तो काय परका नाय. पन मुग्धाला सोडून नाय. मी बोलेन. तू फक्त 'बरोबर आहे' म्हन. दोन शब्द. तू शिकलेली, तुझं ऐकतात."

मी म्हटलं, "म्हणेन." वहिनी, तेव्हा मी मनापासून म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला हेमंत म्हणाला की आज फक्त ओंकारचं नाव मांडायचं. दोन मुलं एकदम नकोत, मुग्धाचं उद्या लग्न होईल, जावई येऊन बसेल. मी पोहे वाढत होते. मी म्हटलं नाही की वहिनींशी माझं वेगळं ठरलंय. मीटिंग अकराला होती. माझ्या डायरीत त्या दिवसाच्या पानावर नऊ कामं आहेत. तिसरं आहे, 'वहिनींना फोन'. बाकी आठांवर खूण आहे.

मीटिंगमध्ये हेमंतने ओंकारचं नाव मांडलं. दादांनी मान हलवली. "मुग्धा आज हाय, उद्या सासरी जाईल. तिला कशाला अडकवायची?"

तुम्ही स्टुलावरून उठून उभ्या राहिलात. बसूनही बोलता आलं असतं. "माझी हरकत हाय. ओंकारला घ्या, माझा आशीर्वाद हाय. पन चार वर्षं जी मशीनपाशी उभी हाय तिला सोडून नाय. ती माझी पोर म्हनून नाय बोलत. ती काम करते म्हनून बोलते. शुभा, लिही."

आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

दोन शब्द होते. माझ्या डोळ्यांपुढे ओंकारचा चेहरा आला, नाश्त्याच्या टेबलावरचा हेमंत आला, आणि मी वहीत डोकं घातलं. कच्च्या वहीत लिहिलंसुद्धा, 'वहिनी – हरकत. मुग्धाही हवी. ४ वर्षे काम.' लिहिण्यात गुंतल्यासारखं केलं म्हणजे बोलावं लागत नाही. हेमंत म्हणाला, "बरं, वहिनींचं म्हणणं कळलं. पुढे बघू." चहा आला.

दोन दिवसांनी मी पक्क्या वहीत उतरवून काढलं. कच्ची वही शेजारीच उघडी होती. मी लिहिलं, 'श्री. ओंकार यांची नेमणूक करण्याचे सर्वानुमते ठरले.'

आणि गुलाबी चिठ्ठी लावून तुमच्याकडे आले.

तुम्ही ओट्यावर सुपात सुका जवळा निवडत होता. हात धुतलेत, पदराला पुसलेत, चष्मा लावलात. बोट ओळीवरून सरकत गेलं आणि त्या शब्दावर थांबलं. मी समोरच्या माडाकडे बघत राहिले. तुम्ही ओरडाल, वही फेकाल असं मला वाटलं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही सही केलीत. नाव पूर्ण, नेहमीसारखं, सावकाश. वही मिटून माझ्या हातात दिलीत.

"अक्षर छान हाय गो तुझं. पयल्यापासनं."

मग आत जाऊन जवळ्याची पिशवी आणलीत, दर वेळी द्यायचात तशी. आणि मी ती घेतली. घरी येऊन डब्यात भरली, डब्यावर नाव घातलं.

तुम्ही सही का केलीत, हे मला अजून कळलेलं नाही. भांडायचा कंटाळा आला म्हणून, की ओंकारचं नाव खराब होऊ नये म्हणून, की मी किती खाली जाऊ शकते ते एकदा कागदावर राहू दे म्हणून? तिसरं तुमच्या स्वभावात नव्हतं. पण मला तेच वाटत राहतं.

सकाळचे फोन चालू राहिले. तुम्ही ते तोडले नाहीत. "पाणी आलं काय?" "गुडघा कसा हाय?" वातावरण कसं आहे, हे मात्र तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. मुग्धाने दोन महिन्यांत वापीला नोकरी धरली. तुम्ही मीटिंगला यायच्या थांबलात. वही पाठवली की सही होऊन यायची. वाचून की न वाचता, मी विचारलं नाही. अकरा महिने मी रोज साडेसहाला ठरवायचे की आज बोलू, आणि सात वाजता डबे भरून व्हायचे.

त्या सकाळी फोन सव्वासहालाच वाजला. तुमचं नाव दिसलं. मी म्हटलं, "बोला वहिनी, आज लवकर?" पलीकडे मुग्धा होती.

दहाव्याला चिंचणीच्या किनाऱ्यावर पिंडाला कावळा शिवेना. माझा ह्या गोष्टींवर विश्वास नाही. पण तिथे उभं राहणं चुकत नाही. एकेक जण पुढे होऊन तुमची इच्छा ओळखायला लागला. दादा म्हणाले, "मुग्धाचं लग्न चांगलं करीन." कावळे माडावर बसून राहिले. तुमचा भाऊ म्हणाला, "माहेरचं येणं-जाणं तुटू देनार नाय." हेमंतनेही काही तरी सांगितलं.  सगळ्यांत मागे मी उभी होते, आणि तुम्हाला काय हवं होतं हे तिथे नक्की ठाऊक असलेली मी एकटीच होते. मुग्धाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तुमच्यासारखंच. ह्याही वेळी मी बोलले नाही. भटजींना तारापूरला दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही निघालो. सदतीसपैकी ते एकोणिसावं काम होतं. त्यावरही मी खूण केली.

तेराव्याच्या संध्याकाळी हेमंत म्हणाला, "वहिनींची जागा भरायला हवी. तूच ये. तुला सगळं ठाऊक आहे, आणि तू वाद घालत नाहीस."

प्रेमानेच म्हणाला तो. मी कपाटातून जुन्या कच्च्या वह्या काढायला घेतल्या.

काल मीटिंग झाली. माझी विषयपत्रिका नेहमी टाइप केलेली असते. काल तिच्यात पहिला विषय हाताने घातला होता, 'मागील इतिवृत्तात दुरुस्ती'. मी कच्च्या वहीतलं पान वाचून दाखवलं, मग पक्क्या वहीतलं. आवाज नीट राहिला. मग म्हटलं, "वहिनींनी हरकत घेतली होती. मी ती लिहिली नाही."

ओरडा होईल, असं मी धरून चालले होते. दादांनी चष्मा काढला. "ती उभी राहून बोलली होती. आठवतं मला." मग म्हणाले, "मला वाटलं, तू लिवलं असशील."

"खाली तुमची सही आहे, दादा."

"मी कुठं वाचतो? तू निळी चिठ्ठी लावतेस, मी सही करतो."

मी हेमंतकडे बघितलं. तो म्हणाला, "माझ्याकडे काय बघतेस? मी तर एकदाही वाचलेलं नाही. तू लिहितेस म्हटल्यावर बघायचं काय?"

वहिनी, इतके दिवस मी स्वतःला सांगत होते की मी घरातल्या पुरुषांपुढे दबले. मला कोणी दाबलंच नव्हतं. 'हे लिहू नकोस' असं मला कोणी म्हटलं नव्हतं. लिहिलं असतं तर कोणी ते वाचलंही नसतं. वही वाचणाऱ्या ह्या घरात एकट्या तुम्ही होता. 'सर्वानुमते' हा शब्द मी लिहिला आणि तो पोचला फक्त तुमच्यापर्यंत.

मग मी म्हटलं की वहिनींच्या जागेवर मी बसणार नाही, मुग्धाला विचारा. हेमंत उखडला. "आता हे उकरून काय मिळणार? ती वापीला सुखात आहे. उद्या लग्न झालं की परत तोच प्रश्न." ओंकार इतका वेळ खाली बघत होता. तो म्हणाला, "बाबा, मला बिजागरीचा आवाज कळत नाही. तिला कळतो. गेल्या तीन लॉटना तक्रार आली, तुम्हालाही ठाऊक आहे." दादांनी नुसता हात वर केला. दोन विरुद्ध एक झालं. मी लिहिलं, 'श्री. हेमंत यांची हरकत नोंदवली.' त्याचं म्हणणं शब्दाला शब्द उतरवलं, लग्नाच्या वाक्यासकट. घरी येताना गाडीत तो माझ्याशी बोलला नाही. ठीक आहे. आता इकडचं तिकडे पोचवायला पलीकडे तुम्ही नाही. आमचं आम्हालाच बोलावं लागेल.

आज रविवार. दुपारी वही आणि संमतीपत्र घेऊन चिंचणीला गेले. मुग्धा ओट्यावर होती, तुमच्या जागी. तिने आधी जुनं पान मागितलं. मी उघडून दिलं. तिचं बोटही ओळीवरूनच फिरतं.

"आईने हे वाचलं होतं?"

"हो."

"तू समोर होतीस, काकू?"

"हो."

ती रडेल, असं वाटलं. तिने पान उलटलं आणि कालचं इतिवृत्त वाचायला घेतलं. दुरुस्ती वाचली, हेमंतची हरकत दोनदा वाचली. मग संमतीपत्र हातात घेतलं. सवयीने मी त्यावर गुलाबी चिठ्ठी लावून आणली होती. तिने ती सोडवली आणि माझ्या तळहातावर चिकटवली.

"सही कुठे करायची ते वाचल्यावर कळेल मला. आणि वही इथेच राहू दे. पहिल्या पानापासून वाचायची आहे. आईने ज्या ज्या पानावर सही केली ते प्रत्येक पान."

"कधीपर्यंत कळवशील?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुझ्या यादीत घालू नकोस, काकू. मी कळवेन."

ती हो म्हणेल की नाही, मला खरंच माहीत नाही. नाही म्हणायचा तिला अधिकार आहे. वही पहिल्यांदाच मुक्कामाला माझ्या कपाटाबाहेर आहे, तुमच्या घरी, जवळ्याच्या सुपाशेजारी. त्या पानांत अजून काय काय सापडेल, त्याची तयारी मी करत नाही. जे निघेल ते माझ्याच अक्षरात असेल.

उद्याची यादी आता लिहून झाली. मुग्धाचं नाव तिच्यात नाही. गेल्या वर्षीची ती डायरी टेबलावर उघडी आहे, नऊ कामं, आठ खुणा. तिसऱ्यापुढे खूण करता येणार नाही आणि ते मी खोडणारही नाही. 'वहिनींना फोन.' ते तसंच राहील.

तुमची,
शुभा